उणे चाळीस अंशांतील सांभाळ : दुर्गम शीतप्रदेशात बोर्डिंग आणि ग्रूमिंगची निवड

पाळीव प्राण्याला काही दिवसांसाठी दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला देणे, ज्याला आता मराठीतही बोर्डिंग म्हणतात, आणि त्याचे केस, नखे, कान व कातडी यांची निगा जाणकाराकडून करून घेणे, ज्याला ग्रूमिंग म्हणतात, या दोन्ही सेवांविषयीचे बहुतेक मार्गदर्शन मोठ्या शहरातील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. चार ठिकाणी चौकशी करावी, दर पडताळावेत, जागा पाहून यावी आणि मनास न आल्यास पाचव्या ठिकाणी जावे, असा त्याचा साधारण सूर असतो. परंतु जिथे सेवा देणारे मोजकेच असतात, पुढचे मोठे शहर शेकडो किलोमीटरांवर असते आणि हिवाळ्यात दाराबाहेर अडकलेला ओला प्राणी थोड्याच वेळात जिवाला मुकू शकतो, तिथे हा सल्ला अपुरा पडतो. अशा वस्तीत कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा तिच्या सर्वांत वाईट रात्री होते आणि त्या रात्रीची तजवीज मालक व सांभाळणारा या दोघांनी मिळून आधीच करावी लागते. या दृष्टीने संपूर्ण प्रश्नाचा आढावा घेण्यासाठी अलास्काच्या अंतर्भागातील फेअरबँक्स या गावाचे उदाहरण येथे घेतले आहे.

स्थळ आणि गरज

फेअरबँक्स आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे 190 किलोमीटर दक्षिणेस वसलेले आहे. 2020 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 32,515 होती आणि आसपासचा विस्तीर्ण परिसर धरून ती 95 हजारांच्या घरात जाते. जानेवारीचे सरासरी तापमान उणे 22 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, थंडीच्या लाटेत पारा उणे 40 पर्यंत उतरणे तिथे नवलाचे नाही आणि जानेवारी 1934 मध्ये तो उणे 54 पर्यंत गेल्याची नोंद आहे. डिसेंबरच्या अखेरीस दिवसाचा उजेड जेमतेम पावणेचार तास टिकतो. कडाक्याच्या थंडीत वाहनांच्या व धुराड्यांच्या वाफेचे हवेतच बारीक हिमकण होतात आणि त्यांचे दाट धुके जमिनीलगत साचून रस्ता दिसेनासा होतो. अँकरेज हे राज्यातील सर्वांत मोठे शहर तिथून रस्त्याने सुमारे 580 किलोमीटर दूर आहे.

अशा ठिकाणी बोर्डिंगची गरज केवळ सुट्टीच्या सहलींमुळे निर्माण होत नाही. उत्तरेकडील प्रुडो बे येथील तेलक्षेत्रात काम करणारे अनेक जण आठवडेच्या आठवडे सलग तिकडे राहतात आणि मग तितक्याच सुट्टीवर घरी येतात. गावाला लागून फोर्ट वेनराइट हा लष्करी तळ असून जवळच आयल्सन हा हवाई तळ आहे, त्यामुळे अचानक निघालेल्या हुकमावर घर सोडावे लागणारी कुटुंबेही बरीच आहेत. त्यातच गंभीर आजारावरील उपचारांसाठी अँकरेज किंवा थेट सिॲटल गाठावे लागते. प्राण्याला बरोबर नेणे हा पर्याय दिसायला सोपा असला तरी तो सहसा खडतर ठरतो, कारण अतिथंड हवामानात सामानकक्षातून प्राणी नेण्यावर विमान कंपन्यांचे निर्बंध असतात आणि रस्त्याने अमेरिकेच्या उर्वरित भागात जायचे तर वाटेत कॅनडा ओलांडावा लागतो, म्हणजे दोन वेळा सीमा पार करताना रेबीजच्या लसीकरणाची व इतर कागदपत्रे तयार ठेवावी लागतात.

ग्रूमिंगची गरजही तेथील भूगोलातूनच येते. फेअरबँक्सच्या परिसरात अनेक ठिकाणी जमिनीखाली कायम गोठलेला थर आहे, त्यामुळे विहीर खोदणे आणि सांडपाण्याची टाकी पुरणे खर्चिक किंवा अशक्य होते आणि कित्येक कुटुंबे नळ नसलेल्या लाकडी घरांत राहून पिण्या-वापरण्याचे पाणी बाहेरून भरून आणतात. या घरांना तिथे ड्राय केबिन म्हणतात. ज्या घरात माणसाच्या अंघोळीचे पाणीही कॅनमधून मोजून येते, तिथे तीस किलोच्या केसाळ कुत्र्याला न्हाऊ घालणे आणि नंतर पूर्ण कोरडे करणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून ज्या सेवेकडे इतरत्र हौस म्हणून पाहिले जाते ती इथे प्राण्याच्या आरोग्याची मूलभूत सोय ठरते.

उपलब्ध पर्याय

सांभाळाचे पर्याय ढोबळमानाने पाच प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार व्यावसायिक केनेलचा असून त्यात स्वतंत्र कप्पे, फिरण्याचे आवार आणि ठरलेले वेळापत्रक असते. दुसरा पशुवैद्यकीय दवाखान्याला जोडलेल्या निवासाचा, जो मधुमेही, वृद्ध किंवा अपस्माराच्या प्राण्यांना सोयीचा असतो. मात्र तिथेही रात्री माणूस हजर असतो की नाही हे विचारलेच पाहिजे, कारण दवाखान्याची पाटी असली म्हणजे रात्रपाळी असतेच असे नाही. तिसऱ्या प्रकारात कोणी आपल्या राहत्या घरी दोन-चार प्राणी ठेवून घेतो, तर चौथ्या प्रकारात सांभाळणारी व्यक्ती मालकाच्या घरी येऊन राहते किंवा दिवसातून ठरावीक वेळा फेरी मारते. मांजरांना परकी जागा सहसा मानवत नसल्याने त्यांच्यासाठी हा चौथा प्रकार बहुधा सर्वांत चांगला असतो आणि कडक थंडीत त्याचा आणखी एक लाभ असा की घराची भट्टी चालू आहे की बंद पडली यावरही कोणाची तरी नजर राहते. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे, कारण दिवसाला एकच फेरी ठरलेली असेल तर संध्याकाळी बंद पडलेली भट्टी दुसऱ्या दिवशी कळते आणि तोवर नळ फुटलेले असतात.

पाचवा प्रकार या प्रदेशाचा खास आहे. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचा चमू बाळगणाऱ्याला तिथे मशर म्हणतात आणि काही मशर आपल्या आवारात इतरांचे कुत्रेही ठेवून घेतात. फेअरबँक्सच्या आसपास ही परंपरा जुनी व जिवंत आहे. 1925 मध्ये घटसर्पावरील प्रतिविष (सीरम) नोम या किनारी गावाला पोहोचवणारी स्लेजची साखळी फेअरबँक्सच्या जवळच्या नेनाना येथून निघाली होती आणि वीस मशर व सुमारे दीडशे कुत्र्यांनी एक हजार किलोमीटरांहून अधिक अंतर साडेपाच दिवसांत पार केले होते. युकॉन क्वेस्ट ही फेअरबँक्स आणि कॅनडातील व्हाइटहॉर्स यांना जोडणारी सुमारे 1,600 किलोमीटरांची शर्यत 1984 मध्ये सुरू झाली आणि 2020 पर्यंत त्या स्वरूपात चालली. थंडी, खुराक आणि पंजांची काळजी यांविषयी मशरइतके प्रत्यक्ष ज्ञान क्वचितच कोणाकडे असते, परंतु त्याचे आवार त्याच्या कुत्र्यांसाठी आखलेले असते. तिथले कुत्रे पेंढा भरलेल्या लाकडी खोपटात राहतात आणि सरावाने व आनुवंशिकतेने ते थंडीला तयार झालेले असतात, म्हणून त्या व्यवस्थेत घरात वाढलेला कुत्रा ठेवता येईल की नाही, हा प्रश्न कुत्र्यागणिक वेगळा सोडवावा लागतो.

येथे थंडीशी जुळवून घेणे म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. हिवाळी केसांची दाटी केवळ जातीवर ठरत नाही. दिवसाच्या उजेडाचे प्रमाण आणि बाहेर काढलेला काळ यांचाही तिच्यावर परिणाम होतो. परिणामी वर्षभर तापवलेल्या घरात झोपणारा हस्की आणि ऑक्टोबरपासून अंगणात राहिलेला हस्की यांची सहनशक्ती सारखी नसते. भारतातून दत्तक घेऊन उत्तर अमेरिकेत नेले जाणारे देशी कुत्रे आखूड आणि विरळ केसांचे असल्यामुळे त्यांना असे आवार कधीही योग्य नाही. पिल्ले, म्हातारे कुत्रे, कृश कुत्रे आणि हृदयाचा किंवा थायरॉइडचा विकार असलेले कुत्रे यांनाही हाच नियम लागू होतो.

उष्णता, हवा आणि दारे

शीतप्रदेशातील बोर्डिंगची जागा पाहताना पहिला प्रश्न उष्णतेच्या दुसऱ्या सोयीचा असावा. तेलावर चालणारी भट्टीसुद्धा पंख्यासाठी व नियंत्रकासाठी विजेवर अवलंबून असते, त्यामुळे वीज गेली की टाकीत तेल असूनही उष्णता थांबते. उणे 40 अंशांत साधी इमारत काही तासांत गोठणबिंदूच्या खाली जाऊ शकते. म्हणून जनित्र आहे का, ते शेवटचे कधी चालवून पाहिले, लाकडाची शेगडी आहे का, तापमान घसरल्यास इशारा कोणाच्या फोनवर जातो आणि ती व्यक्ती किती अंतरावर राहते, ही माहिती घेणे खोल्यांची रंगरंगोटी पाहण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. जिथे तेल किंवा लाकूड जळते तिथे कार्बन मोनॉक्साइड या वासरहित विषारी वायूचा इशारा देणारे उपकरण असलेच पाहिजे.

उष्णता टिकवण्याच्या धडपडीत हवेकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. फटी बुजवून बंदिस्त केलेल्या खोलीत मूत्रातील अमोनिया, ओल आणि श्वासावाटे पसरणारे जंतू साचतात. चांगल्या जागी आत येणाऱ्या ताज्या हवेला बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता देणारे यंत्र बसवलेले असते, पण ते नसले तरी निदान हवा पालटण्याची निश्चित व्यवस्था हवी. आत शिरताच डोळे चुरचुरले तर जमिनीलगत नाक असलेल्या प्राण्याला त्याहून अधिक त्रास होत असणार, हे ओळखावे. फेअरबँक्समध्ये बाहेरची हवाही नेहमी शुद्ध नसते. थंड हवेवर उबदार हवेचा थर बसून लाकडाचा धूर गावातच कोंडतो आणि 2009 पासून हा भाग सूक्ष्म धूलिकणांची राष्ट्रीय मर्यादा न पाळणाऱ्या क्षेत्रांत गणला गेला. उन्हाळ्यात त्याच्या जागी वणव्यांचा धूर येतो, म्हणून चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी बाहेर काढण्याचे नियम दोन्ही ऋतूंत विचारून घ्यावेत.

दारांची रचना बारकाईने पाहण्यासारखी असते. अलास्कातील घरांना बहुधा दोन दारांमधली एक छोटी खोली असते, जिला आर्क्टिक एन्ट्री म्हणतात. बाहेरचे दार लावल्याशिवाय आतले उघडायचे नाही, हा तिचा नियम असतो आणि मूळ हेतू उष्णता अडवण्याचा असतो. बोर्डिंगमध्ये तीच खोली सुटू पाहणाऱ्या कुत्र्यालाही अडवते. ती बूट, पेंढ्याचे भारे आणि रिकामे पिंजरे यांनी भरलेली असेल, दोन्ही दारे एकदम उघडी राहत असतील, तर उष्णता आणि सुरक्षितता या दोन्हींबाबत ती जागा ढिली आहे असे समजावे. कुंपणाची गोष्टही अशीच आहे. तेथील बर्फ ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत वितळत नाही, तुडवून घट्ट होतो आणि झाडून कडेला ढीग केला तर कुंपणालगत पायऱ्या तयार होतात, त्यामुळे सप्टेंबरात सहा फूट असलेले कुंपण फेब्रुवारीत चार फुटांचे उरते. कुंपणालगतचा बर्फ किती वेळा उपसला जातो, हे विचारणारा मालक क्वचितच भेटतो, पण पळालेला कुत्रा उणे 40 अंशांच्या रात्री आणि मूसच्या, म्हणजे त्या रानांतील प्रचंड सांबरकुळातील प्राण्याच्या, वाटेवर सापडतो, म्हणून हा प्रश्न पहिल्या पाचांत यायला हवा.

आवारात ठेवल्या जाणाऱ्या कुत्र्यांसाठी खोपटात घोंगडी न घालता कोरडा पेंढा घालतात, कारण कापड श्वासाची ओल धरून गोठते, तर पेंढ्याच्या पोकळ काड्यांत हवा अडकून ऊब टिकते. पाणी गोठू नये यासाठी तापणारी भांडी किंवा दिवसातून अनेकदा दिलेले कोमट, खुराक मिसळलेले पाणी लागते. थंडीत राहणाऱ्या प्राण्याची ऊर्जेची गरजही वाढते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत स्लेजचा कुत्रा दिवसाला दहा हजार किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा खर्च करतो. घरगुती कुत्र्याला तितके खाणे अर्थातच लागत नाही, पण बाहेर अधिक वेळ काढणार असेल तर नेहमीच्या मापात भर घालण्याचा निर्णय कोण आणि कशावरून घेणार, हे ठरलेले असावे.

संसर्ग आणि थंडीविषयीचा गैरसमज

थंडीत जंतू मरतात हा सर्वसाधारण समज बोर्डिंगच्या बाबतीत घातक ठरतो. कुत्र्याच्या पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणारा पार्व्होव्हायरस गोठण्याने नष्ट होत नाही. तो मातीत व बर्फाखाली महिनोन्‌महिने तग धरतो आणि वसंतात बर्फ वितळला की आवारातील जुनी विष्ठा पुन्हा उघडी पडते. त्यावर ब्लीचचे द्रावण गुणकारी असले तरी ते स्वच्छ धुतलेल्या कठीण पृष्ठभागावर काही मिनिटे ओले राहावे लागते, जे गोठत्या हवेत बाहेर साधत नाही. म्हणूनच प्रवेशापूर्वी पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीज यांच्या लसींचा दाखला न मागणारी जागा टाळावी. अलास्काच्या उत्तर व पश्चिम किनाऱ्यावर कोल्ह्यांमध्ये रेबीज कायम आढळतो आणि कुत्र्या-मांजरांना त्याची लस देणे राज्यात बंधनकारक आहे.

बंद खोल्यांत केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, झपाट्याने पसरतो. त्याच्या एका प्रमुख जिवाणूविरुद्धची नाकात देण्याची लस काही दिवसांतच काम करू लागते, तर टोचून देण्याच्या लसीचे पहिल्या वेळी दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. जिथे पशुवैद्याची वेळ मिळायलाच वाट पाहावी लागते, तिथे हा फरक निर्णायक ठरतो, कारण प्रवासाच्या आदल्या आठवड्यात सुरू केलेली तयारी पुरी पडत नाही. अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स केंद्राने कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या साहाय्याने 2015 मध्ये पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम सुरू केला, ज्याची पहिली दोन वर्षे फेअरबँक्समध्ये पूर्ण करण्याची सोय होती. अशा प्रयत्नांचे मोल मोठे असले तरी अपरात्री कोणता दवाखाना रुग्ण घेतो, हे बोर्डिंगचालकाला आजच ठाऊक असले पाहिजे.

ग्रूमिंग : ऊब राखणारी निगा

हस्की, मालम्यूट, सामोयेड यांसारख्या जातींना दुहेरी केस असतात. वरचे लांब, राठ केस पाणी व बर्फ अंगाला लागू देत नाहीत आणि आतली दाट, मऊ लव हवा अडकवून ऊब धरते. ही लव वसंतात पुंजक्यांनी गळते, तेव्हा ती विंचरून काढणे हे ग्रूमरचे खरे काम असते. अशा कुत्र्याचे केस यंत्राने मुळापासून भादरणे ही गंभीर चूक आहे, कारण लव आणि वरचे केस वेगवेगळ्या गतीने वाढतात, काहींचे केस वर्षभर नीट परत येत नाहीत आणि पुढचा हिवाळा त्यांना अर्धवट पांघरुणात काढावा लागतो. उलट पूडल किंवा शि त्झू यांचे केस सतत वाढतात व ते ठरावीक काळाने कापावेच लागतात. हिवाळ्यात ते लांब ठेवणे इष्ट असले तरी स्वेटरखाली केस घासून जटा होतात आणि जट झालेला केस ऊब धरत नाही, म्हणून अशा कुत्र्यांना हिवाळ्यात विंचरणे कमी करण्याऐवजी वाढवावे लागते.

थंड प्रदेशातील ग्रूमरची खरी कसोटी वाळवण्यात लागते. वरून कोरडा दिसणारा दुहेरी केसांचा कुत्रा आतून ओला असू शकतो आणि ओली लव ऊब धरण्याऐवजी अंगातली उष्णता बाहेर काढते. काखेत, जांघेत आणि कानामागे बोटे घालून ओल तपासणारा ग्रूमर भरवशाचा समजावा. वेळ वाचवण्यासाठी गरम हवेच्या बंद पिंजऱ्यात प्राणी एकटा सोडण्याची पद्धत मात्र कोणत्याही हवामानात धोक्याची आहे, कारण त्यात उष्माघाताने प्राणी मरू शकतात. कामाचा क्रमही विचारून घ्यावा. अंघोळीची वेळ दुपारी लवकर ठेवणे, निघण्यापूर्वी अर्धा-एक तास प्राणी आत बसवणे आणि गाडी आधी तापवून ठेवणे, या साध्या गोष्टी जो ग्रूमर स्वतःहून सुचवतो त्याला आपल्या हवामानाचे भान आहे असे म्हणता येते.

पंजांची निगा हा दुसरा महत्त्वाचा भाग आहे. बोटांमधले केस वाढले की त्यांना बर्फाचे गोळे चिकटतात, कुत्रा लंगडू लागतो आणि चावून चावून कातडी सोलून काढतो, म्हणून हे केस तळव्याच्या पातळीला कापावे लागतात. मऊ बर्फावर नखे झिजत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात ती अधिक वेळा कापावी लागतात. कानांची टोके, शेपटीचे टोक आणि तळवे यांवर हिमदंशाच्या, म्हणजे गोठून ऊती मरण्याच्या, खुणा आधी ग्रूमरच्या हाताला लागतात. फिकट, ताठर किंवा काळपट पडलेला भाग दिसल्यास तो न चोळता पशुवैद्याकडे पाठवण्याइतके ज्ञान त्याला असायला हवे.

कायदा, करार आणि मालकाची तयारी

अमेरिकेत 1966 च्या प्राणिकल्याण कायद्याखालील नियमांत आतल्या निवासाचे तापमान सलग चार तासांहून अधिक काळ 7.2 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये असे बंधन आहे, परंतु तो कायदा मुख्यतः संशोधनसंस्था, व्यापारी पैदासदार, प्रदर्शक आणि वाहतूकदार यांच्यासाठी असून साधे बोर्डिंग त्याच्या कक्षेबाहेर राहते. ग्रूमरला राज्याचा परवाना लागण्याची पद्धत बहुतेक राज्यांत नाही. जी प्रमाणपत्रे आढळतात ती स्वेच्छेने घेतलेली असतात. अलास्काचा कायदा प्राण्याला पुरेसे अन्नपाणी, आरोग्यास मानवेल असे वातावरण आणि वाजवी वैद्यकीय उपचार मिळावेत असे सांगतो आणि 2017 पासून घटस्फोटाच्या दाव्यातही न्यायालयाला प्राण्याचे हित विचारात घ्यावे लागते. ही तत्त्वे मोलाची आहेत, पण विशिष्ट कप्प्याचे विशिष्ट रात्रीचे तापमान ती ठरवत नाहीत. म्हणून जे कायद्यात नाही ते करारात लिहून घ्यावे लागते.

त्या करारात कोणत्या तापमानाखाली प्राणी बाहेर किती मिनिटे नेला जाईल, मालकाशी संपर्क न झाल्यास किती खर्चापर्यंत उपचार करावेत, विमान रद्द झाल्यास मुक्काम वाढवण्याची सोय आहे का आणि प्राणी परत नेण्याचा अधिकार आणखी कोणाला आहे, या बाबी स्पष्ट असाव्यात. औषधांच्या वाहतुकीचाही त्यात उल्लेख हवा, कारण इन्सुलिन एकदा गोठले की ते निरुपयोगी होते आणि थंड गाडीत ठेवलेल्या पिशवीत हे सहज घडते. गॅरेजमधून प्राण्यांची ने-आण होत असेल तर गाडीतील अँटिफ्रीझ सांडलेले नाही ना हेही पाहावे. ते गोड लागते आणि थोड्या मात्रेनेही मूत्रपिंडे निकामी करते.

सेवा देणारे थोडे असतील तेव्हा नापसंत जागा सोडून देण्याची मुभा मर्यादित राहते आणि म्हणूनच मालकाचा सहभाग वाढतो. शरद ऋतूतच एका रात्रीचा चाचणी मुक्काम करून पाहणे, प्राण्याला पिंजऱ्याची, पायमोज्यांची व हाताळणीची सवय लावणे, नेहमीचा खुराक ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पाठवणे आणि शेजारच्या एखाद्या कुटुंबाशी अडीनडीला प्राणी सांभाळण्याचा परस्पर करार ठेवणे, ही कामे कोणतीही संस्था मालकासाठी करू शकत नाही. जागेत उणीव दिसली तर ती स्पष्टपणे सांगणे, आणि जनित्रासाठी किंवा हवा पालटण्याच्या यंत्रासाठी चालकाने दर थोडा वाढवला तर त्याचे कारण समजून घेणे, हेही त्याच जबाबदारीचे अंग आहे, कारण लहान वस्तीत एक चांगली सेवा बंद पडली तर तिची जागा घ्यायला दुसरी वर्षानुवर्षे येत नाही.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल की दुर्गम शीतप्रदेशात बोर्डिंगची किंवा ग्रूमिंगची निवड ही एकदा करून संपणारी खरेदी नसून वर्षभर जपण्याचे नाते आहे. सेवेचा दर्जा उष्णतेच्या पर्यायी सोयीवर, हवेवर, कुंपणावर, लसींच्या शिस्तीवर आणि केस आतपर्यंत वाळवणाऱ्या हातांवर ठरतो. तर त्या सेवेचा उपयोग मालकाने वेळेवर केलेल्या तयारीवर ठरतो. प्राण्याला आपल्या गरजा सांगता येत नाहीत आणि थंडी चुकीला फारशी सवलत देत नाही, म्हणून प्रश्न विचारण्याचा काळ बर्फ पडण्यापूर्वीचा असतो आणि तो काळ वाया न घालवणे हे प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.